त्याला फक्त ऊन हवंय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४८ वर्षांचा, अहिल्यानगरला राहतो. माझे बाबा एसटीत होते. १९८७ च्या सुमारास आम्ही शनिवारी व्हीसीआर भाड्याने आणायचो आणि भाडं रात्रभराचं असल्यामुळे लागोपाठ तीन पिक्चर बघायचो. त्यातली बाबांची ठरलेली कॅसेट म्हणजे १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’, त्या नावाच्या शास्त्रज्ञाची आणि त्याने प्रेतांचे तुकडे जोडून जिवंत केलेल्या राक्षसाची गोष्ट. बाबांना इंग्रजी बेताचंच यायचं. म्हणायचे, ‘राक्षस तरी कुठे बोलतो?’ छताची झडप उघडते, उजेड येतो आणि तो दोन्ही हात वर करतो, त्या ठिकाणी बाबा कॅसेट थांबवायचे. ‘बघ, त्याला फक्त ऊन हवंय,’ असं म्हणून डोळे पुसायचे.

मागच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. त्या रात्री मी तो सिनेमा माझ्या मुलांना दाखवला. मुलगी १५ वर्षांची. ती सुरुवातीपासून हसत होती, ‘पप्पा, किती फेक आहे हे!’ मुलगा ९ वर्षांचा. तळ्याकाठच्या प्रसंगाला तो माझ्या कुशीत शिरला आणि तेव्हापासून एकटा झोपत नाही, रात्री बाथरूमला एकटा जात नाही. मी त्याच्याएवढा असताना मुळीच घाबरलो नव्हतो. ‘तिथे काही नाही’ म्हणून त्याला सांगून सांगून थकलो. त्याचा मामा म्हणतो, या राक्षसांची टिंगल करणारे जुने विनोदी सिनेमे आहेत, ते दाखवा, भीती पळून जाईल. मला ते पटत नाही. बाबांनी ज्याच्यासाठी डोळे पुसले, त्याचा विदूषक करून पोरांपुढे उभा करायचा? दाखवू की नको? दाखवायचे तर कुठले आणि कशाच्या आधी काय?

– एक वाचक, अहिल्यानगर

दादा, नमस्कार.

दाखवा. मात्र मामा म्हणतात तसं भीतीवरचं औषध म्हणून नको, आणि त्या प्रकारातले सगळेच नकोत. तुमच्या घरात एका सिनेमाने तीन माणसांना तीन वेगळ्या ठिकाणी धक्का दिलाय. धाकटा घाबरलाय, लेक हसली, तुम्ही दुखावलात. तिघांना मिळून एकच गोळी देऊन चालणार नाही, म्हणून एकेकाचं बघू.

आधी धाकट्याचं, कारण झोप त्याची उडालीय.

तळ्याकाठी राक्षसाला मारिया नावाची लहान मुलगी भेटते. गावातली ती एकटीच अशी की त्याला घाबरत नाही. त्याचा हात धरते, त्याला फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात आणि ती फुलं कशी तरंगतात ते बघतात. फुलं संपतात. मग तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही फुलासारखी तरंगेल असं त्याला वाटतं. या प्रसंगाचा शेवटचा तुकडा तेव्हा कापला गेला. पुढे कित्येक वर्षं जगभर फिरणाऱ्या प्रतींत तो नव्हताच. राक्षस मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटायचं. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तुमची शनिवारची कॅसेट जुन्या प्रतीवरून उतरवलेली असेल, तर दहा वर्षांच्या तुम्ही ती मुलगी पाण्यात पडताना पाहिलेलीच नाही. तुमच्या मुलाने पाहिलीय. तेव्हा ‘मी तुझ्याएवढा असताना’ हे आता त्याच्यापुढे पुन्हा काढू नका.

‘तिथे काही नाही’ हेही थांबवा. याचं कारण मला माझ्या आजीने शिकवलं.

आजोळ आमचं कोकणात. मागीलदारी विहीर, विहिरीपलीकडे पिंपळ, आणि त्या पिंपळावर मुंजा आहे हे मला मामेभावाने अगदी खात्रीने सांगितलेलं. रात्री तिकडे जायची वेळ आली की माझे पाय लटपटायचे आणि घरातली सगळी मोठी माणसं एका सुरात म्हणायची, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस!’ त्याने माझी भीती तसूभर कमी झाली नाही, उलट तिच्यात लाजेची भर पडली. एका रात्री आजी कंदील घेऊन माझ्याबरोबर आली. पिंपळासमोर उभी राहिली आणि शेजारच्या घरातल्या पोराला हाक मारावी तशी म्हणाली, ‘काय रे, जेवलास का? आमची नात आलीय, जरा सरकून बस.’ मला इतकं हसू आलं की मी पायरीवर बसलेच. आजीने मुंजा नाही असं एकदाही म्हटलं नाही. तो आहे हे धरूनच ती त्याच्याशी बोलली, आणि त्यामुळेच मला तिच्याबरोबर हसता आलं.

चांगले राक्षस-विनोदी सिनेमे नेमकं हेच करतात. त्यांत राक्षस खोटा पाडलेला नसतो. तो असतो तिथेच, तसाच असतो, आणि हसू येतं ते त्याच्यासमोर थरथरणाऱ्या माणसाला बघून.

म्हणून धाकट्यासाठी पहिला सिनेमा १९४८ चा, ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’. बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो ही तेव्हाची अमेरिकेतली गाजलेली जोडी, एक उंच आणि दमदाटी करणारा, दुसरा बुटका, गोलमटोल आणि भित्रा. इथे ते सामानाची ने-आण करणारे कारकून आहेत. भीतिदायक वस्तूंच्या एका प्रदर्शनासाठी दोन मोठे खोके येतात. एकात माणसांचं रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाची शवपेटी, दुसऱ्यात फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. सामान नुसतं उतरवून द्यायचं असतं.

त्यातला एक प्रसंग सांगते. बुटका विल्बर, म्हणजे कॉस्टेलो, अंधाऱ्या खोलीत शवपेटीशेजारी बसून ड्रॅक्युलाची माहिती लिहिलेलं कार्ड मोठ्याने वाचतोय. पेटीच्या झाकणावर मेणबत्ती ठेवलीय. झाकण हळूच उचललं जातं आणि मेणबत्ती सरकते. विल्बरचा आवाज घशातच अडकतो. तोंड उघडतं, हात हलतात, नुसती हवा बाहेर येते. शेवटी कशीबशी हाक फुटते आणि मित्र धावत येतो, तोवर झाकण बंद. मित्र त्याला झापतो, निघून जातो. झाकण पुन्हा उचललं जातं. पुन्हा हाक, पुन्हा बंद झाकण, पुन्हा बोलणी. हे एवढंच आहे, आणि मी हा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी माझं पोट दुखतं.

आता हे तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. विल्बर जे पाहतो ते खरं आहे. ते न पाहिलेला, शहाणा, उंच माणूस त्याला सारखं सांगतोय की तिथे काही नाही. सिनेमाभर प्रेक्षकाला ठाऊक असतं की बरोबर कोण आहे. नऊ वर्षांच्या पोराला आपल्यासारखा कुणीतरी पडद्यावर दिसतो, त्याचं म्हणणं शेवटी सगळ्यांना मान्य करावं लागतं, आणि तो भित्राच राहून सुखरूप सुटतो. शूर होण्याची अट नाही. यासाठी मला हा सिनेमा लहान मुलांकरता फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे १९९३ च्या ‘झपाटलेला’त लक्ष्मीकांत बेर्डे याच जागी उभे होते. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या सांगतोय आणि कुणी ऐकत नाही. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने आमच्या पिढीतली कितीतरी पोरं घाबरवली आणि लक्ष्याच्या डोळ्यांनी तीच पोरं हसवली. तुमच्या मुलांनी तो पाहिलेला असेल तर विल्बरची ओळख करून द्यायला सोपं जाईल. ‘हा त्यांचा लक्ष्या’ म्हटलं की झालं.

आता तुमच्या मनातला प्रश्न, की यात राक्षसांची थट्टा होते का. हा सिनेमा युनिव्हर्सलने काढला, म्हणजे ज्या स्टुडिओत ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मले त्याच स्टुडिओने. १९३१ साली ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी ६५ वर्षांचा असताना यात पुन्हा तोच काळा झगा घालून उभा राहिला. १९४१ चा लांडगामाणूस लॉन चेनी ज्युनियर यातही लांडगामाणूसच आहे. १९४४ पासून राक्षस करणारा ग्लेन स्ट्रेंज इथेही राक्षस आहे. तिघांनीही आपापली भूमिका भयपटात करावी तितक्याच गंभीरपणे केलीय. एकानेही प्रेक्षकांकडे बघून डोळा मारलेला नाही. लुगोसीचं तर मला फार वाटतं. इतक्या वर्षांनी, विनोदी सिनेमात, त्याने बोटांची ती सावकाश हालचालसुद्धा सोडली नाही. त्याने पडद्यावर खुद्द ड्रॅक्युला म्हणून केलेल्या भूमिका दोनच, १९३१ ची आणि ही.

आणि एक क्षण धाकट्यासाठी राखून ठेवा. ड्रॅक्युला राक्षसाला जागं करतो, राक्षस उभा राहतो, समोर भुरळ पडून खिळलेला गोल विल्बर दिसतो, आणि राक्षसच दचकून मागे सरतो. ड्रॅक्युला त्याला समजावतो की घाबरू नकोस, तो तुला काही करणार नाही. तिथे मुलाकडे बघा, पडद्याकडे नको.

कसा दाखवायचा तेही सांगते. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पडदे उघडे ठेवून. रिमोट त्याच्या हातात द्या आणि सांगा की थांबवायचं तेव्हा थांबव, पुढे ढकलायचं तेव्हा ढकल. भाषेची अडचण फार येणार नाही. कॉस्टेलोचं काम चेहऱ्यावर आणि हातापायांवर आहे. तळघरात तो नकळत राक्षसाच्याच मांडीवर बसतो आणि आपल्याला हात किती आहेत ते मोजू लागतो, याला कुठली भाषा लागते? सिनेमा दीड तासाच्या आत संपतो. त्याने अर्ध्यात ‘नको’ म्हटलं तर बंद करा आणि त्याबद्दल एक शब्दही काढू नका. रात्रीचा छोटा दिवा चालू राहू द्या. त्याच्या ताईला सांगा की पाठीमागून ‘भॉक’ करायचं नाही, गमतीतसुद्धा. आणखी दोनतीन आठवड्यांनीही झोप अशीच मोडत राहिली तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला. त्यात कमीपणा नाही.

सिनेमाच्या आधी त्याला एक गोष्ट सांगा, कारण ती तुमच्या गावाशी जोडलेली आहे. पडद्यावरच्या त्या राक्षसाचं, म्हणजे बोरिस कार्लोफचं, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. तो १८८७ साली लंडनमध्ये जन्मला. त्याचे वडील हिंदुस्थानात इंग्रज सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. आणि त्याच्या आईच्या आईची सख्खी बहीण म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, जी पुढे सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेली आणि तिच्यावर सिनेमे निघाले. ही अ‍ॅना १८३१ साली तुमच्या नगरमध्ये जन्मली. राक्षसाच्या आजीची बहीण नगरची! नऊ वर्षांच्या मुलाला हे कळलं की तो राक्षस परका राहत नाही.

मग मेकअपचं सांगा. जॅक पियर्स नावाचा रंगभूषाकार रोज सुमारे चार तास कार्लोफच्या चेहऱ्यावर बसायचा. डोक्याचा तो चपटा उंचवटा कापूस आणि चिकट द्रव यांचे थरावर थर देऊन उभा केलेला. जड पापण्या मेणाच्या. एका बाजूचा खोल गेलेला गाल मात्र मेकअपचा नाही. कार्लोफच्या तोंडात त्या बाजूला काढता येणारे खोटे दात होते, ते त्याने काढून ठेवले आणि गाल आपोआप आत गेला. मानेच्या दोन्ही बाजूंना दिसतात ते खिळे नव्हेत, वीज आत सोडायची टोकं आहेत. रविवारी घरी कापूस, डिंक आणि कणीक घेऊन बसा आणि त्याला तुमच्या कपाळावर राक्षस करू द्या.

आणि मारियाचं नक्की सांगा. ते काम करणारी मुलगी सात वर्षांची होती. तळ्यावर चित्रीकरणाला जायच्या दिवशी सगळे गाड्यांत बसत होते आणि संपूर्ण मेकअपमधल्या कार्लोफबरोबर बसायला कुणी पुढे येईना. ती पोरगी धावत गेली, त्याचा हात धरला आणि ‘मी तुमच्याबरोबर येऊ?’ म्हणून विचारलं. दोघं एकाच गाडीतून तळ्यावर गेले. तुमच्या मुलाच्या डोक्यात त्या मुलीचं जे शेवटचं चित्र बसलंय, त्याच्या शेजारी हे दुसरं ठेवता आलं तर बघा.

आता लेकीचं. तिच्या हसण्याचा राग धरू नका. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या रात्री ती हसली म्हणून तुम्हाला ते लागलं, आणि लागणारच. पण १५ वर्षांच्या मुलीला तो सिनेमा कसा दिसतो ते बघा. सुरुवातीची आणि शेवटची नावं सोडली तर त्यात पार्श्वसंगीत जवळपास नाही. ज्या पिढीला प्रत्येक दचक्याआधी ढोल ऐकायची सवय आहे, तिला ती शांतता अवघडवते, आणि अवघडलं की हसू येतं. शिवाय ती वादळी रात्र, ठिणग्या उडवणारी यंत्रं, तो कुबडा मदतनीस हे सगळं तिने व्यंगचित्रांत, जाहिरातींत, मोबाइलवरच्या गमतींत आधी शंभरदा पाहिलंय. तिच्या दृष्टीने नक्कल आधी आली आणि मूळ मागून. त्यामुळे मूळच तिला नकलेसारखं वाटलं.

तिच्यासाठी, आणि खरं तर तुमच्यासाठी, १९७४ चा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ आहे. मेल ब्रुक्स दिग्दर्शक, जीन वाइल्डर नायक, लेखन दोघांचं. आधी तुम्ही एकट्याने बघा, कारण त्यात द्वयर्थी विनोद पुष्कळ आहेत आणि उत्तरार्धात एकदोन प्रसंग वडिलांनी लेकीशेजारी बसून बघायला अवघड आहेत. ती १५ ची आहे, घरातलं मोकळेपण किती ते तुम्हाला ठाऊक. धाकट्याला मात्र हा पूर्ण दाखवू नका.

विडंबन करायला मूळ कविता तोंडपाठ असावी लागते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. छंद चुकला, यमक चुकलं की विडंबन पडलंच. ब्रुक्स आणि वाइल्डरना तो जुना ‘फ्रँकेन्स्टाइन’ तसा तोंडपाठ होता. १९७४ साली, सगळे सिनेमे रंगीत होत असताना, हा कृष्णधवलच व्हायला हवा असा ब्रुक्सचा हट्ट होता. आधी ठरलेल्या कोलंबिया स्टुडिओला ते पटेना, तेव्हा त्याने स्टुडिओ बदलला, सिनेमा बदलला नाही. १९३१ च्या प्रयोगशाळेतली विजेची यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडन नावाच्या माणसाने बनवली होती. त्याने ती ४३ वर्षं जपून ठेवली होती. ब्रुक्सने ती त्याच्याकडून मिळवली, पुन्हा चालू केली आणि पडद्यावर त्याचं नाव दिलं. म्हणजे बाबांनी कॅसेटवर ज्या ठिणग्या पाहिल्या, त्या उडवणारी यंत्रं या सिनेमातही आहेत, नकली केलेली नव्हेत. ज्याला टिंगल करायची आहे तो एवढी यातायात का करेल, सांगा.

लेकीला शोधायला लावा, कुठलं कुठून आलंय ते. लाकडी हाताचा पोलीस अधिकारी १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला. मदतनीस इगॉरचं कुबड एका प्रसंगात डाव्या खांद्यावर असतं, दुसऱ्यात उजव्या. मार्टी फेल्डमन ते सेटवर गुपचूप सरकवत होता आणि बाकीच्यांच्या लक्षात यायला काही दिवस गेले. मग ते सिनेमातच घेतलं. आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला. मूळ सिनेमात तो एकाकी म्हातारा राक्षसाला पाव देतो, पेयाचा पेला देतो, मित्र मिळाला म्हणून देवाचे आभार मानतो. इथे जीन हॅकमनचा म्हातारा तितक्याच प्रेमाने गरम सूप पाहुण्याच्या मांडीवर ओततो, पेला आपटून फोडतो आणि सिगार समजून त्याचा अंगठा पेटवतो. पीटर बॉइलचा राक्षस बिचारा ओरडत पळतो. हसू म्हाताऱ्याच्या आंधळ्या आदरातिथ्याचं येतं, राक्षसाची मात्र दया येते. हे दोन प्रसंग एकापाठोपाठ एक लावा. आधी १९३५ चा, मग १९७४ चा. माझा अनुभव असा की त्या क्रमाने बघितलं की हसणारा माणूस पहिल्या प्रसंगाकडे परत जातो आणि या वेळी गप्प बसतो.

आणि तळ्याकाठचा प्रसंगही यात आहे. हा तुकडा धाकट्याला जरूर दाखवा, तेवढाच काढून. लहान मुलगी आहे, राक्षस आहे, तळ्याऐवजी विहीर. दोघं पाकळ्या आत टाकतायत. पाकळ्या संपतात. आता काय टाकू या, असं ती विचारते, आणि राक्षस थेट आपल्याकडे बघतो. मूळ सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकाच्या पोटात तिथे गोळा येतो. पुढे दोघं सी-सॉवर बसतात, राक्षसाच्या वजनाने मुलगी हवेत उडते, खिडकीतून आत जाते आणि आपल्या घरात, आपल्या पलंगावर अलगद पडते. आईवडील खोलीत येतात तेव्हा ती अंथरुणात असते. ४३ वर्षांनी कुणीतरी त्या पोरीला घरी पोचवलं, दादा. याला मी थट्टा म्हणू शकत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अ‍ॅबट-कॉस्टेलोने पुढे अदृश्य माणसाबरोबर १९५१ साली आणि ममीबरोबर १९५५ साली सिनेमे केले. पहिला बरा आहे, ममीचा दमलेला वाटतो. ब्रिटिशांचा १९६६ चा ‘कॅरी ऑन स्क्रीमिंग’ शब्दखेळावर चालतो, घरात सगळ्यांना पोचणार नाही. ब्रुक्सनेच १९९५ साली ‘ड्रॅक्युला: डेड अँड लव्हिंग इट’ केला, तो टाळा. त्यात ड्रॅक्युला स्वतःच जिन्यावरून घसरून पडतो. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते, राक्षसाचा विदूषक होण्याची, ती तिथे खरी ठरते, आणि गंमत म्हणजे हसूही तिथेच सगळ्यात कमी येतं. मानाचंच विचाराल, तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जतन करण्याजोग्या सिनेमांची एक राष्ट्रीय यादी आहे. बाबांचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ तिच्यात १९९१ साली गेला, अ‍ॅबट-कॉस्टेलोचा सिनेमा २००१ मध्ये, ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ २००३ मध्ये. तिघं एकाच कपाटात आहेत.

राहिलात तुम्ही. ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’चा नायक हा मूळ शास्त्रज्ञाचा नातू आहे. त्याला आजोबांच्या कामाची इतकी लाज वाटते की तो आडनावाचा उच्चारही वेगळा करतो. आजोबांनी केलं तो सगळा वेडेपणा, असं तो वर्गात चारचौघांत सांगतो. मग आजोबांच्या जुन्या घरी जातो, त्यांची वही उघडतो आणि वाचत बसतो. तुमच्या लेकीबरोबर हा सिनेमा बघा म्हणते ते मुख्यतः यासाठी.

पुढे एक जागा येते. राक्षस कोठडीत आहे, चिडलेला. नातू म्हणतो की याला प्रेमच वाचवू शकेल, मी आत जातो, मी कितीही ओरडलो तरी दार उघडू नका. दार बंद होतं आणि क्षणात तो ‘उघडा, उघडा’ म्हणून गयावया करू लागतो. कुणी उघडत नाही. मग तो वळतो आणि राक्षसाला म्हणतो की तू देखणा आहेस. राक्षस गोंधळतो. नातू त्याला समजावत राहतो, लोक तुझा द्वेष का करतात ते सांगतो, आणि तो अवाढव्य देह हमसून रडायला लागतो. नातू त्याला छातीशी धरतो, गुणी पोर म्हणून थोपटतो आणि बाहेरच्यांना ओरडून आपलं खरं आडनाव सांगतो, आजोबांच्या उच्चारात.

१९३१ च्या सिनेमात ती झडप बंद केली गेली होती. बाबा जिथे कॅसेट थांबवायचे त्याच्या पुढच्याच क्षणाला. उजेड गेला, आणि तो हात पुढे करून विनवत राहिला.

लेकीबरोबर बघाल तेव्हा, नातू राक्षसाला मिठी मारतो तिथे सिनेमा थांबवा आणि आजोबा काय म्हणायचे ते तिला सांगा.

तुमची,
ताई